ओहोटी

ऐरोलीच्या जेटीवर सांगितलं, फेरी दीड तासाची.
मी तीन धरले.
बावीस वर्षांत मी कुणाच्याही दीड तासावर
इन्सुलिन टोचलेलं नाही.

पण आज टोचलं. सुहासिनी म्हणाली, चल गं,
रोहित पक्षी बघू, साडेबाराला परत, मग जेवू.
पिशवीत सगळं होतं: चार मारी, अर्धं सफरचंद,
पेन ओल्या फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये,
आणि एका पुरचुंडीत खडीसाखर, जी मी बाळगते
लोक अंगारा बाळगतात तशी.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
पिशव्या इथेच ठेवा, बोटीत खाणं नाही.
मी वाद घातला नाही.
वाद घातला की आख्ख्या रांगेला कळतं,
मग कारल्याचा रस निघतो, मेथीचे दाणे निघतात,
आणि कुणाची तरी मावशी निघते
जिची गोळी सुटली म्हणे.
रुमालात मूठभर फुटाणे बांधले, पर्समध्ये यंत्र टाकलं
आणि निघाले.

खारफुटीच्या कडेकडेने इंजिन खोकत गेलं.
पक्षी होते. हजारो.
डोकी उलटी करून चिखल चाळत होते,
खात होते, खात होते,
ना बाराची वेळ ना मोजलेली वाटी.
गाईड म्हणाला, शेवाळातून रंग येतो,
खातात तसेच दिसतात.
मी हसले.
मी जे खाते तेही दिसतं,
फक्त माझ्या बोटाच्या टोकावर, थेंबभर.

मग इंजिन गेलं.
तोवर ओहोटी लागली होती.
पाणी आमच्या खालून
कुणी चादर ओढावी तसं निघून गेलं
आणि बोट गाळात बसली.
दुसरी होडी येईल, दहा मिनिटांत.
साडेबारा झाले. एक वाजला. सव्वा.

फुटाणे संपले. फुटाणे चढतात सावकाश,
आणि मी उतरत होते भरभर.
वरच्या ओठावर घाम. प्रत्येक मानेच्या दोन माना.
सुहासिनी काहीतरी विचारत होती,
तिचे शब्द मराठी होते एवढंच कळत होतं.
यंत्र म्हणालं: अठ्ठावन्न.

मी तुर्भ्याच्या मार्केटात एकोणतीस वर्षं
साखरेच्या गाळ्यावर हिशेब लिहिले.
ट्रकच्या ट्रक. क्विंटलांनी. एका आकड्याची चूक नाही.
आणि आता चमचाभर नव्हती.

जोमा तांडेल वल्ह्यावरून उठला.
खिशातून तंबाखूची डबी काढली.
सुहासिनी ओरडली, अहो, तंबाखू नको!
त्याने झाकण उघडलं.
आत साखर होती, जाडी, थोडी ओली,
एक-दोन तंबाखूचे कण चिकटलेले.
"मना पन हाय," तो म्हणाला. "अकरा वरसां.
घे. चावू नको, जिभंवर धर."

बोटीतल्या कुणीही मावशी काढली नाही.
पंधरा मिनिटं आम्ही दोघं
एकमेकांकडे न बघता घड्याळाकडे बघत बसलो.
मग टोचलं. एक्क्याऐंशी.
त्याने मान हलवली, बाजारभाव ऐकावा तशी,
आणि डबी परत खिशात.
विचारलं, घरी माहीत आहे?
तो म्हणाला, बायकोला वाटतं तंबाखू सुटत नाय.
तसंच वाटू द्या.

होडी आली दोनला.
लोक तक्रार करत चढले, फोटो काढत चढले.
काउंटरवर पिशवी जशीच्या तशी होती,
फक्त पुरचुंडीत मुंग्या.
कुठल्या भिंतीतून आल्या, कशा आल्या,
त्यांना कुणी अडवलं नव्हतं.
मी खडीसाखर त्यांच्यासाठी तिथेच कट्ट्यावर उलटी केली
आणि मारी खाल्लं, उभ्याने,
त्या मुलाच्या समोर, अगदी सावकाश.