चार्ज देताना

वायदंडे सर,
किल्ल्या तीन. कपाटाची जरा वर उचलून फिरवावी लागते.
हजेरी, पोषण आहाराचं रजिस्टर, तांदळाचा काटा.
शंभर ग्रॅम जास्त दाखवतो, मी वजा करते.
सगळं यादीत आहे. सह्या झाल्या.
यादीत नाही ते आता सांगते.

तिसरीत, खिडकीकडून दुसरा,
इंद्रजित तारळेकर.
घंटेआधी दोन मिनिटं त्याला सांगायचं,
तोंडानं नाही, दोन बोटं दाखवून.
तेवढ्यात तो कान झाकून घेतो, मग काही होत नाही.
तुम्हाला वाटेल, विट्याचं पोर,
घरात चार माग, रात्रपाळीचा खडखडाट,
त्यात हा गाढ झोपतो
आणि पितळी घंटेच्या एका टोल्याला भितो?
मलाही वाटलं.
त्याची आई म्हणाली, बाई, माग सांगून वाजतो.
धोटा इकडून गेला की तिकडून येणारच.
घंटा कुणाला सांगून वाजते?

"हात चालव" म्हणू नका.
मी म्हटलं होतं. गणितं राहिली होती.
त्यानं पेन्सिल खाली ठेवली
आणि हात चालवला, हवेत,
बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
वर्ग हसला. मीही.
म्हणायचं, "चौथं उदाहरण लिही."
लिहितो.

प्रश्न विचारला की थांबा.
मनात बारापर्यंत मोजा.
मी आधी तीनलाच दुसऱ्या पोराकडे वळायचे.
नऊला त्याचे ओठ हलतात.
कधी उत्तर दुसऱ्या दिवशी येतं,
वहीच्या मागच्या पानावर, तारीख घालून.
ते उत्तरच धरा.

पहिल्या सत्रात तोंडीला मी त्याला शून्य दिलं.
तुझ्या घराविषयी पाच वाक्यं सांग, असा प्रश्न.
तो माझ्या बांगड्यांकडे बघत उभा.
दुसऱ्या सत्रात कागद दिला, व्हरांड्यात बसवलं,
घड्याळ बघितलं नाही.
त्यानं लिहिलं:
एका मागाला दोन हजार चारशे धागे.
एक तुटला की माग थांबवतात.
आई गाठ मारते.
पप्पा सेलमला चांदी गाळतात.
पप्पा दिवाळीला बारा दिवस येतात.
पाच. मोजून घ्या.
पहिलं शून्य खोडता आलं नाही,
गुण ऑनलाइन भरून झाले होते.

फाईलमध्ये माझी एक तक्रार सापडेल:
"विद्यार्थी चावला."
खरं आहे. उजव्या मनगटावर.
तिच्यात लिहिलं नाही ते हे, की
मी त्याची हनुवटी धरली होती,
माझ्याकडे बघ, बघ माझ्याकडे, म्हणत.
तो तोंड फिरवून ऐकतो, सर.
खिडकीबाहेर बघत असला
तर बहुतेक तुमचंच ऐकतोय.

फारच झालं तर टेबलाखाली जाऊ द्या.
तिथं कांड्यांची पेटी ठेवलीय, रिकाम्या,
रंगांप्रमाणे लावत बसतो.
पोरांना लांब करा, पंखा बंद करा.
"झालं का?" विचारू नका.
झालं की येतो.
साहेब तपासणीला आले आणि म्हणाले,
हा खाली का?
तर सांगा, शिकतोय.
मी एकदा सांगितलं. पाय लटपटत होते, पण सांगितलं.

फळ्याशेजारी कापडी तक्ता आहे, आईनं शिवलेला.
वारांचे सात खण, रविवारचा रिकामा.
प्रार्थना, गणित, खिचडी, घरी, अशी चित्रं.
बदल असेल तर चित्र सकाळीच बदला,
त्याच्यासमोर, हळू.
सगळ्यात वर शिक्षकाचा फोटो असतो.
सोमवारी येताना पासपोर्ट साइज एक आणा,
चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट.

माझी बदली त्याला तीन आठवडे आधी सांगितली,
कॅलेंडरवर, रोज एक चौकोन खोडून.
काल त्यानंच माझा फोटो काढला.
मी हात पुढं केला, म्हटलं, दे.
दिला नाही.
रविवारच्या खणात ठेवला.