वाट क्रमांक सतरा

रविवारी आम्ही सातजण असतो, कधी चारच.
तिसऱ्या रेल्वे गेटापाशी सायकलीत हवा भरायची,
मोबाइल सुरू करायचे आणि पांगायचं
येळ्ळूरकडे, धामण्याकडे, मच्छेच्या मागनं.
संध्याकाळी सगळ्यांच्या रेघा एकावर एक ठेवतो.

रेघा चहाडखोर असतात.
वडगावच्या कोपऱ्यावर प्रत्येकाचा वेग अचानक वाढलाय:
तिथं मागवाल्यांचं पिवळं कुत्रं आहे.
शट्टुप्पा पोस्टमन घरी सांगतात, पळायला जातो.
त्यांची रेघ भज्यांच्या गाड्यापाशी
अकरा मिनिटं गाठ मारून बसते.

सतरा नंबर मात्र कुणालाच सापडेना.
आभाळातून काढलेलं चित्र भादव्यातलं,
नुसतं भात, हिरव्यावर हिरवं.
मग लक्कव्वाला विचारलं, फोन ठेवशील का जवळ?
"ठेवतो की. खरं मला दाबायला येत न्हाई."
तिनं तो पिंजराच्या भाऱ्यात खोचला,
भारा डोक्यावर घेतला
आणि चाळीस मिनिटांत चार किलोमीटर.
कुठंही थांबा नाही.
एका जागी रेघ जराशी थरथरलीय, तिथं ओढा असावा.

नावाच्या रकान्यात अडलो.
त्या वळणाला अर्धे म्हणतात चिंचेचा कट्टा,
अर्धे हुणसीकट्टी.
रस्ता रुंद करताना चिंच गेली,
नावं बसून आहेत तिथंच.
मंजुळा हिरेमठ म्हणाली, "ते तू लिही, हे मी लिहितो."
दोन्ही मावली.
अक्षरं बारीक करावी लागली, एवढंच.

पुढच्या रविवारी खात्री करायला गेलो.
बांध वीतभर, दोन्हीकडं चिखल.
मैनुद्दीननं न बोलता सायकल खांद्यावर घेतली,
मग आम्हीही.
समोरून येणारा म्हातारा बाजूला झाला,
कुणाचं लग्न आहे का म्हणाला.

सायकल चालते का? हो की नाही?
मी लिहिलं: हो, खांद्यावर.

वर्षभर खुली असते का?
लक्कव्वा म्हणाली, "रोपं लावली की वाट त्यांची.
सुगी झाली की परत आमची."
असा रकाना नव्हता.
खाली टीप घातली: आधी लक्कव्वाला विचारा.
घर, कुत्र्यापासून दुसरं.