तिसरा रकाना

गुंटार्स गेल्यावर टेबलाच्या खणात
एक मायक्रोमीटर, दोन टॉफ्या आणि ही वही सापडली.
डावीकडं इंग्रजी, उजवीकडं लॅटव्हियन,
कडेला चार बोटं कोरी जागा.
कोरी जागा मला बघवत नाही.
डिस्पॅचला बसून एकवीस वर्षं
चलनावरचा एकूण एक रकाना भरत आलेय.

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत
तो भट्टी बसवायला आला होता, अकरा आठवडे.
इंग्रजी त्याचंही उसनं, माझंही.
दोघं जपून वापरायचो,
शेजारणीकडनं आणलेल्या इस्त्रीसारखं.

पान पहिलं. न बघता घेतलेला माल.
इंग्रजांच्या पोत्यात डुक्कर निघतं,
यांच्या पोत्यात मांजर.
मी लिहिलं, म्हैस पाण्यात आणि वर मोल.
एवढं मोठं पोतं आणायचं कुठनं,
म्हणून तिला पंचगंगेतच राहू दिली.

सुखात लोळणाऱ्याला इंग्रजांनी हिरव्या चाऱ्यात सोडलाय.
लॅटव्हियात तो चरबीतल्या गुर्द्यासारखा जगतो.
भट्टीवरच्या दस्तगीरला वाचून दाखवलं.
"बराबर हाय की," तो म्हणाला,
"बकरं सोलताना बघा एकदा. गादीवर निजल्यागत असतोय."
पाची बोटं तुपात, असं मी लिहिलं खरं,
पण तूप जरा पातळच वाटलं.

थापाड्या माणूस तिकडं बदकाची पिल्लं फुंकतो.
का, ते विचारायचं राहिलं.

कधीच न होणाऱ्या गोष्टीसाठी
इंग्रजांची डुकरं उडतात,
यांच्या घुबडाच्या शेपटीला फुलं येतात.
हे शॉपवर कुणी फोडलं कोण जाणे. मीच फोडलं.
आता बोनस कधी म्हटलं
की मोल्डिंगची पोरं पत्र्याकडं बघून सांगतात,
"घुबाड फुललं की!"
मालक विचारतात, कसलं घुबड?
मी म्हणते, साहेब, इम्पोर्टेड आहे.

मधल्या पानांवर म्हणी नाहीत, नुसते सुटे शब्द.
देवासमोर दिएव्स. दोनासमोर दिवि.
आगीसमोर उगुन्स, धुरासमोर दूमी.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
परमुलखातल्या मतदारयादीत
आपलं आडनाव दिसावं, तसं झालं.
तेवढ्यात बाहेर लॅडल कलली, धातू ओतला गेला,
आणि कुणीतरी रोजच्यासारखं ओरडलं,
"जाळ न् धूर संगटच!"
मी दोन्ही ओळींना मिळून एकच नोंद केली.

पहिल्या दिवशी तांबडा रस्सा ओरपला
तेव्हा त्याच्या डोळ्यांतनं धार लागलेली.
गालावर बोट ठेवून म्हणाला, "असरा."
मी म्हटलं, "आसवं."
ठसकत ठसकत दोघं हसलो.
नवव्या आठवड्यात तिकडनं फोन आला.
बोलणं संपलं तरी तो पॅटर्नच्या फळ्यांपाशी उभाच.
मी जवळ गेले. तेच बोट, तोच शब्द.
त्या दिवशी डब्यात वरणभात होता.

शेवटच्या पानावर एकटाच, होमसिक.
समोर तीन शब्द लिहून खोडलेले.
चौथा राहू दिलाय, इल्गस, त्याच्यावर प्रश्नचिन्ह.
दस्तगीरला अर्थ फोडून सांगितला.
"घर आठवलं म्हणून माणूस आजारी पडतंय व्हय?"
म्हणाला, आणि हातमोजे चढवून निघून गेला.
त्याचा पोरगा बहरीनला आहे.
मी पेन्सिलनं ओढ लिहिलं. पुसलं.
हुरहुर लिहिलं, तेही पुसलं.
तिथं आता नुसता काळपट डाग आहे.

सोमवारी रिगाला खोकं जायचं होतं,
बिघडलेला सेन्सर परत.
त्याच्यावर वही ठेवली, दोन्ही टॉफ्याही.
पॅकिंग लिस्टवर लिहिलं: वही, वापरलेली, नग एक.
किमतीचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही,
कस्टमवाले माल अडवतात.
बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं:
म्हैस पाण्यात आहे.