पानाला बारा रुपये

विद्यापीठाच्या गेटसमोर, झेरॉक्सच्या दुकानात
मी त्याचा देश टाइप करते आहे.
पानाला बारा रुपये, तक्ता असेल तर वीस.

प्रकरण एक : लवंग, खोबरं, थोडी व्हॅनिला.
भाव ठरतो दुसरीकडे.
हे वाक्य त्यानं तीनदा खोडलं, तीनदा परत लिहिलं.

प्रकरण दोन : राजे, मग गोरे, मग झेंडा.
तुमचा कधी, त्यानं विचारलं.
म्हटलं, बाकीच्यांना सत्तेचाळीसला,
आम्हाला तेरा महिन्यांनी.
त्याच्या कपाळाला आठी,
जणू कुठंतरी तळटीप राहून गेली.

प्रकरण तीन : राहणीमान.
चहूबाजूंनी समुद्र
आणि प्यायचं पाणी बोटीनं येतं.
बोटं थांबली माझी.
सांगितलं, लातूरला आमच्याकडे ते रेल्वेनं आलं होतं.
तेव्हा पहिल्यांदा हसला इदरिसू,
दोन्ही हातांनी तोंड झाकून.

तक्ता सात. घरामागे खोल्या : एक पूर्णांक आठ दशांश.
हे आठ दशांश म्हंजे काय रे?
ओसरी, तो म्हणाला. तिथं बहीण झोपते.
लवंगा वाळत घातल्या की तीही नाही.

या तक्त्याचे बाराच लावले.

देशाच्या नावाखाली कम्प्युटर लाल रेघ ओढतो,
दर पानावर, चुकलंय म्हणून.
शब्दकोशात घातलं. गेली रेघ.
मग सहज हंडरगुळी टाइप करून बघितलं,
माझं गाव.
लाल.

तो खांद्यावरून वाकून बघत होता.
यालाही घाला ना, म्हणाला.
तेवढ्यात लाइट गेली.