साहेब बोलतात

कन्नमवार नगरात, गॅस एजन्सीच्या काउंटरमागे
बारा वर्षं मी फोन घेत होते
आणि मला ठाऊक नव्हतं
की माझ्यात खडतकर साहेब राहतात.

त्या दिवशी ते डबा खायला आत गेलेले.
एकशे चौऱ्याऐंशी नंबरच्या इमारतीतून
तुळजाबाईंचा सहावा फोन:
"बाय, चार दिस झाले, शेजारणीच्या शेगडीवर
भाकरी थापतेय. आता तीपण दार लोटून घेते."
गोदामातला शंकऱ्या माझं ऐकत नसे,
साहेबांचं ऐके.
मी गोदामाचा नंबर फिरवला, तोंड उघडलं
आणि बाहेर आलं सगळं वऱ्हाड:
"काहून रे, चौऱ्याऐंशीचं सिलिंडर अजून तिथंच काहून?
मी येऊ का उचलाले?"
पलीकडे जरा शांतता.
मग, "चढवतो, साहेब."

रिसीव्हर ठेवला तरी हात थरथरत होता,
देवळाबाहेरून दुसऱ्याच्या चपला घालून
घरापर्यंत चालत यावं, तसा.

पुढे कळत गेलं, आवाज घशात नसतोच.
उडपीवाले शेट्टी पुढच्या दोन दातांवर बोलतात:
"गॅस नाय तर इडली काय उन्हात ठेवू?"
कांजूरच्या आगरी मावशी
बोलणं पोटातून काढतात, रहाट ओढल्यासारखं.
रामाशिषचं वाक्य शेवटी चढ चढतं,
तीन सिलिंडर लादलेली त्याची सायकल चढते तसं, हाफत.
आणि साहेब? सगळे म्हणत, नाकात बोलतात.
नाकात नाही. नाकाच्या जरा वर,
चष्मा टेकतो तिथे.
आणि 'ना' म्हणण्याआधी एक श्वास
ते गिळून टाकतात कडू गोळीसारखा.
तो श्वास सापडला
आणि माणूसच हाती आला.

शाळेत बाईंची नक्कल करायचे, तेव्हा आई म्हणायची,
वेडावू नकोस गं, जीभ झडेल.
झडली नाही. तिला खोल्या फुटल्या.

तेव्हापासून दर सिलिंडरनंतर
साहेब तुळजाबाईंना फोन करत.
म्हणजे मी.
"पोचलं ना? जेवली का वो माय?"
ती म्हणे, देवमाणूस आहात.
आतल्या खोलीत देवमाणूस
कुणावर तरी पावतीपुस्तक आपटत असे.

मग त्यांची निवृत्ती. समोसे, वेफर्स, शाल.
रामाशिषनेच फोडलं, "दीदी, साहब की आवाज निकालो ना."
काढली.
कॅशियर कदमांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी.
शंकऱ्या तेवढा माझ्याकडे बघत
मागचे कुठले कुठले फोन आठवत होता.
साहेब हसले नाहीत.
शालीची घडी घालत म्हणाले,
"बराबर आहे. पण ते 'जेवली का वो माय',
तसं मी कोणाले म्हटलं कधी?"
कुणी बोलेना.
पंख्याखाली वेफर्सची रिकामी पिशवी वाजत होती.
"नाही म्हटलं," तेच म्हणाले.
श्वास गिळला.
"म्हनाले पाह्यजे होतं ना."

ते वरूडला गेले.
त्यांच्या खुर्चीत आता एक मुलगा बसतो,
सगळं मोबाइलवर करतो, कुणाशी बोलत नाही.
काल दुपारी फोन वाजला.
"बाय, त्या नाकातल्या साहेबांना दे जरा.
गॅस नको. आहे अजून.
बरेच दिवस त्यांनी विचारलं नाही, जेवले का ते."

एक मिनिट हं, म्हटलं.
रिसीव्हर डाव्या कानावरून उजव्यावर घेतला.
चष्मा मला नाही,
तरी तो जिथे टेकला असता
तिथे बोट ठेवलं.