लहान तोंडी

मोखोत्लोंगच्या दवाखान्यात मी औषधं देते.
जाळीच्या खिडकीला एक हात जाईल एवढी फट आहे.
आजार चिठ्ठी होऊन आत येतो,
पुडी होऊन बाहेर जातो.

जूनमधली गोष्ट. बर्फाने खिंड बंद झालेली,
तरी सेचाबा मोफोकेंग घोड्यावरून आला,
अंगावरच्या घोंगडीत त्याची पोर,
लिखापा. आमच्याकडे लिखापा म्हणजे आसवं.
थोरली गेली त्याच महिन्यात ही जन्मली.
हिला फेफरं येतं. त्या आठवड्यात चार वेळा,
एकदा चुलीच्या अगदी जवळ.

काट्याच्या झोळीत तिला टांगलं.
अकरा किलो दोनशे, बूट काढून.
फळीवर गोळ्या होत्या, हजारांचा डबा,
त्यातली प्रत्येक पुऱ्या वाढलेल्या माणसाची,
सत्तर किलोंची, मिशा असलेली,
एका घोटात पोटात जाणारी.

मुलांसाठी पातळ औषध असतं, मला ठाऊक आहे.
चित्र पाहिलंय मी त्याचं.
बाटलीवर जिराफ, टोपणाला मोजायच्या रेघा.
मासेरूच्या हॉटेलात कंपनीचा माणूस आला होता,
त्याने पडद्यावर जगाचा औषधबाजार मांडला
भाकरीसारखा गोल, रंगीत तुकड्यांचा:
हृदय, साखर, सांधे, झोप.
मुलांचा तुकडा इतका बारीक
की त्यात ‘मुलं’ हा शब्द मावेना,
बाहेर लिहून बाण काढला होता.
मी हात वर केला. ती बाटली डोंगरात कधी येणार?
तो वाईट माणूस नव्हता. वही उघडून शोधलं त्याने.
म्हणाला, तुमच्या अख्ख्या देशाची मागणी
एका कपाटात मावते. एका कपाटासाठी
कोण यंत्र धुऊन पुन्हा लावतो?
मग चहा झाला. लिंबाचा केक होता.
मी दोन तुकडे घेतले.

तर ब्लेड.
दाढीचं, अर्धं मोडलेलं, एका कडेला चिकटपट्टी.
गोळीच्या मधोमध कंपनीने एक रेघ दिलीय,
तिथवर कंपनी सोबत येते.
पुढे मी श्वास धरते.
दोन चतकोर नीट निघतात, तिसरा तिरका,
चौथ्याचा भुगा.
मापात पाप म्हणतात. इथे पाप केवढं,
तर मोहरीच्या निम्मं.
तेवढ्याने ती दिवसभर झोपून राहील,
किंवा तिन्हीसांजेला पुन्हा चुलीजवळ पडेल.

लहान तोंडी मोठा घास घेऊ नये,
हे मोठ्यांनीच ठरवलं,
आणि घासही घडवला तो आपल्याच तोंडाएवढा.

सेचाबा जाळीतून बघत होता.
मेंढ्या कातरणारा माणूस, धार ओळखतो.
ब्लेड बोथट आहे तुझं, म्हणाला,
आणि घोंगडीतून चाकू काढून फटीतून आत सरकवला.
कोकरांच्या कानांना खुणा करायचा, बोटाएवढा.
मी स्पिरिटने पुसला, दोनदा.
चार चतकोर. कागदावर एक कण सांडला नाही.
पहिला चतकोर चमच्यात कुस्करून
त्याने आणलेल्या पीचच्या मुरंब्यातून दिला.
तिने तोंड वाकडं केलं, गिळला,
आणि नुसता मुरंबा मागितला.

चाकू तो विसरला, की ठेवून गेला,
मी विचारलं नाही.

ऑक्टोबरात ते परत आले, पीच फुलल्यावर.
दोन महिन्यांत एकदाच पडली, तीही गवतात.
लिखापा फटीतून बोटं घालून
माझा डबा वाजवत होती.
झोळीत टांगलं. बारा किलो शंभर.
सेचाबा हसला, मी हसले,
रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.
मग डॉक्टरांची नवी चिठ्ठी आली.
एक चतकोर आता कमी पडत होता,
दोन फार होत होते.

सव्वा चतकोर.

मी गोळी उचलून उजेडात धरली,
चाकू उघडला,
आणि कुठून सुरुवात करावी ते बघत राहिले.