हातात थोडं असताना

केमीत डिसेंबरमध्ये दुपारी दोनलाच दिवे लागतात.
स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप,
बाजूला कॉफी, आणि माझा भाचा ईलारी,
ज्याला आलेलं प्रत्येक पान खेळायचं असतं.

पाचशे चिप्स. ब्लाइंड दहा-वीस.
म्हणजे पंचवीस श्वास, त्याहून एकही जास्त नाही.
बदामची तिर्री, किलवरची तिर्री.
"जोडी आहे, तौनोमामा, फ्लॉप बघू तरी!"
नुसतं बघायलाही पैसे पडतात, बाबा.
ढीग मोठा असता तर बसलो असतो
तिसऱ्या तिर्रीची वाट बघत.
टाक.

टाकली, पण तोंड वाकडं करून.
तिकडे सांतोसमधला कुणी, ब्रनोमधली कुणी
दुसऱ्याच मिनिटाला होतं नव्हतं ते लावून
एकमेकांना गिळतायत.
नवाचे सहा झाले.
आम्ही अजून कॉफीत साखर ढवळतोय.

गिरणी बंद पडली तेव्हा
भरपाईचा पहिला हप्ता मिळाला त्याच आठवड्यात
पेन्टीने स्नोमोबाईल घेतली.
मी मात्र तीस वर्षं कोरी पानं बनवलेला माणूस,
मैलोन्‌मैल, पांढरी, गुळगुळीत.
हातातलं पान टाकून द्यायला शिकायला
मलाही चार हिवाळे लागले.

ब्लाइंड पन्नास-शंभर.
चिप्स साडेचारशे.
इस्पिकचा एक्का, चौकटची दश्शी.
ईलारी आता घाबरलाय, हळूच विचारतो,
"थोडेसे लावू?"

थोडेसे लावायची वेळ गेली.
सगळे ढकल.
आणि पडद्याकडे बघत बसू नकोस,
किटली उतू जातेय.